जुनं स्टड फार्म विकाऊ आहे? बंगला शेवटी बघा

शिगम्याचे दिवस होते. अंगणात पोरं घोडेमोडणीच्या लाकडी घोड्याला नवं कापड चढवत होती आणि मी पायरीवर बसून त्यांना फुकटचे सल्ले देत होतो. तेवढ्यात फोंड्याच्या डॉक्टरांचा फोन आला. "दादा, एक खरंखुरं स्टड फार्म, घोड्यांच्या पैदाशीचं, विकाऊ आहे. घाटावर. ६२ एकर, जुना बंगला, तबेले, सगळं. ऐतिहासिक म्हणतात. बघायला येता?"

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात घोडा म्हणजे कंबरेला बांधून नाचवायचा. मी मात्र एकोणिसाव्या वर्षी घाट चढलो आणि पुण्याकडच्या एका स्टडवर ३१ वर्षं काढली. आधी सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारा, मग शिंगरांच्या तबेल्याचा जमादार. आता केरी गावात कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, सांभाळतो. डॉक्टरांबरोबर गेलो, दोन दिवस फार्म पायाखाली घातलं आणि परत येताना चोर्ला घाटात ते म्हणाले, "दादा, हे सगळं कुठेतरी लिहून काढा." म्हणून हे लिहायला बसलो. हातात पैसा आणि डोळ्यांत घोडे असलेली माणसं हल्ली गोव्यात बरीच झाली आहेत, त्यांच्यासाठी.

सगळ्यात आधी एक गोष्ट. आपण गोव्याची माणसं जुनं घर दिसलं की विरघळतो. बलकांव म्हणजे दाराशी बसायची पडवी, शिंपल्यांच्या खिडक्या, मंगळुरी कौलं, एवढं दिसलं की आपली बुद्धी उंबऱ्याबाहेर राहते. स्टड फार्म विकणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं. गाडी थेट बंगल्यापुढे लावायला सांगतात, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, चहा, आणि भिंतभर डर्बी शर्यतीचे फोटो. आम्हालाही तेच झालं. मी चहा नको म्हटलं. डॉक्टर थोडे ओशाळले, पण मी त्यांना तसाच ओढत मागच्या कुरणाकडे नेलं. बंगल्याची कौलं बदलता येतात, वाळवीचे वासे बदलता येतात. जमीन बदलता येत नाही, आणि घोड्याचं हाड जमिनीतून येतं.

पहिली फेरी कधी करायची? भर पावसात, जुलैत. सगळे जानेवारी-फेब्रुवारीत जातात, कारण तेव्हा शिंगरं जन्मलेली असतात, ऊन कोवळं असतं, फोटो छान येतात. थरोब्रेड म्हणजे शर्यतीच्या जातीच्या सगळ्या घोड्यांचा वाढदिवस आपल्याकडे १ जानेवारीलाच धरतात, म्हणून जानेवारी उजाडल्यावर लवकरात लवकर शिंगरू व्हावं अशी सगळ्यांची धडपड. त्या दिवसांत कुठलंही फार्म सुंदरच दिसतं. पावसात मात्र पाणी कुठे साचतं, कुठून वाहतं, कुठल्या फाटकापाशी चिखल होतो, हे लपवता येत नाही. चिखलात उभ्या घोड्याचा खूर खालून कुजतो, वास मारतो, आणि नालबंदाचं बिल वाढतं. दुसरी फेरी मे महिन्यात, विहिरीत डोकवायला. एक घोडा दिवसाला ३० ते ४० लिटर पाणी पितो, अंगावर शिंगरू असलेली घोडी त्याहून बरंच जास्त. त्यात चाऱ्याचं पाणी मिळवा. "बोअर आहे" या उत्तरावर समाधान मानू नका. मोटर चालू करायला सांगा आणि दोन तास तिथेच बसा.

आम्ही गेलो तो मार्च. त्यामुळे मला पाऊस डोळ्यांऐवजी हाताने शोधावा लागला. खालच्या बाजूला तळ्याकाठी एक पॅडॉक, म्हणजे कुंपण घातलेलं कुरण, होतं, सगळ्यांत देखणं. पांढरं कुंपण, कडेला चिंचेची झाडं, पाण्यात आभाळ. डॉक्टर तिथेच रेंगाळले. मी खाली बसलो आणि जमिनीला पडलेल्या भेगेत हात घातला. मनगटापर्यंत गेला. काळी कपाशीची माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यात पळत्या शिंगराचा पाय अडकला तर संपलं. पावसात तीच माती लोण्यासारखी होते. वर टेकाडाला लागून मुरमाड जमीन होती, दिसायला भकास, पण पाणी धरून न ठेवणारी. चांगलं फार्म तिथे होतं.

तिथला म्हातारा सईस लांबून आमच्याकडे बघत होता. मी त्याला तंबाखू दिली आणि विचारलं, "शिंगरं कुठं सोडता?" त्याने हनुवटीने वरचं टेकाड दाखवलं. "आणि हे तळ्याचं?" तो चुना मळत म्हणाला, "तिथं मालकाचे पाहुणे फोटो काढतात."

तेव्हा सईसांशी बोला. मालकासमोर नको, संध्याकाळी खराऱ्याच्या वेळी. कुठली घोडी कुठे लंगडली, कुठल्या खोलीत शिंगरं आजारी पडतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आणि त्यांची कुटुंबं तिथल्याच चाळीत राहतात हेही लक्षात ठेवा. त्यांची थकलेली देणी, ग्रॅच्युइटी, राहण्याचा हक्क, हे सगळं व्यवहाराआधी लिहून घ्या. जमिनीबरोबर माणसंही तुमच्याकडे येत असतात.

आता गवत. हा भाग लांबणार आहे, कारण बहुतेक जण हाच सोडून देतात.

अमेरिकेत केंटकी राज्यात लेक्सिंग्टनच्या आसपास थरोब्रेडची जुनी फार्म आहेत. तिथल्या जमिनीखाली चुनखडी आहे, आणि त्या गवता-पाण्यावर घोड्यांची हाडं मजबूत होतात, अशी तिथल्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. आपला जांभा याच्या बरोबर उलट. आंबट माती, तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चुना धुऊन गेलेला. आणि हे काही आजचं नाही. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतल्यावर होर्मुझहून जहाजं भरभरून अरबी घोडे इथे उतरत आणि पुढे विजयनगरकडे जात. घोड्यांच्या व्यापारावर गोवा गबर झाला. पण घोडे इथे यायचे आणि वर जायचे. गोवा घोड्यांचा बाजार होता, घोड्यांची पैदास इथे कधी बहरली नाही. डॉक्टरांच्या मनात आधी पेडण्याला जागा घेऊन तिथेच स्टड काढायचं होतं. मी म्हटलं, दोन म्हातारे घोडे हौसेने पाळा, जरूर पाळा. पैदास नको. दमट हवेत काही थरोब्रेडना घामच यायचा बंद होतो. कातडी कोरडी, नाकपुड्या फुगलेल्या, भात्यासारखा श्वास. ज्याने एकदा बघितलं तो विसरत नाही.

घाटावरही सगळं आलबेल असतं असं नाही. तिथे जाऊन चाऱ्याचं शेत बघा. हिरवंगार हत्तीघास दिसलं की खरेदीदार खूश. पण हत्तीघासासारख्या काही गवतांत ऑक्झलेट असतं, ते चाऱ्यातला कॅल्शियम बांधून ठेवतं. पोटात जाऊनही तो घोड्याला मिळत नाही. मग शरीर स्वतःच्या हाडांतून चुना काढायला लागतं आणि चेहऱ्याची हाडं फुगतात. आम्ही त्याला मोठ्या डोक्याचा आजार म्हणायचो. गव्हाच्या कोंड्याची चंदी जास्त असेल तर आणखी वाईट, कारण कोंड्यात फॉस्फरस जास्त. बघायचं कसं? फार्मवरच्या एखाद्या मोठ्या घोडीला मोहरकीने धरा, तिला आधी तुमचा वास घेऊ द्या, मग खालच्या जबड्याच्या हाडाची कड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून मागून पुढे सरका. निरोगी हाड पातळ, धारदार लागतं, ताटाच्या काठासारखं. जाड, गोल, गुबगुबीत लागलं तर फार्मवरची चंदी आणि चारा दोन्ही चुकतंय. मी पाच घोड्यांचे जबडे चाचपले. दोघींचे मला आवडले नाहीत. डॉक्टरांनी पण हात लावून पाहिला आणि त्यांचा चेहरा पहिल्यांदा पेशंट तपासताना असावा तसा झाला.

लसूणघासाचं शेत असेल तर ती चांगली खूण. त्यात कॅल्शियम भरपूर, आणि ज्या जमिनीत पाणी तुंबतं तिथे ते टिकत नाही, म्हणजे एका दगडात दोन चाचण्या. तरी प्रत्येक पॅडॉकची माती वेगवेगळ्या पिशवीत घ्या आणि कृषी विज्ञान केंद्रात तपासा. बंगल्याच्या किमतीपुढे तो खर्च शून्य.

जुन्या फार्मची एक दुखरी गोष्ट म्हणजे जंत. ऐतिहासिक म्हणजे काय, तर त्याच मातीत पन्नास-साठ वर्षं घोडे लीद टाकत आले आहेत. गोल जंतांची अंडी जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि ती शिंगरांनाच धरतात. पॅडॉकमध्ये उभं राहून गवताकडे बघा. घोडा जिथे लीद टाकतो तिथलं खात नाही, त्यामुळे जुन्या, दुर्लक्षित कुरणात उंच गवताची बेटं आणि मध्ये गोट्यासारखी चाटून काढलेली जमीन दिसते. बेटं जितकी मोठी, तितकं कुरण थकलेलं. लीद रोज उचलतात का, कुरणं आलटूनपालटून रिकामी ठेवतात का, आणि अधूनमधून गाई सोडतात का, हे विचारा. गाईला घोड्याचे बहुतेक जंत बाधत नाहीत, ती ते गिळून संपवते. एका घोडीला शिंगरासकट निदान दोन एकर चांगलं कुरण हवं असं मी धरतो. काळी माती आणि बंगल्याची बाग वजा करून मोजा.

कुंपणाच्या कडेने पूर्ण फेरी मारा. काटेरी तार दिसली की तिथेच किंमत पाडा. माझ्या खिशात जुन्या स्पीकरचं चुंबक असतं, त्याला दोरी बांधून फाटकापासून ओढत नेतो. डॉक्टर हसले. पाऊणशे पावलांत ११ खिळे आणि नालेचा एक तुकडा चिकटला, मग हसायचे थांबले. झाडंही बघत चला. बंगल्याच्या फाटकावर हौसेने लावलेली कण्हेर घोड्याला विष आहे, मूठभर पानं जीव घेतात. एरंड तसाच. घाणेरी कुंपणात घुसलेली असते, तीही काढावी लागते.

तबेला मी आतून बघतो, पण आधी बसून. घोड्याच्या खोलीत उकिडवे बसा, म्हणजे झोपलेल्या शिंगराचं नाक जिथे असतं तिथे तुमचं नाक येतं. डोळे चुरचुरले तर मुताचा अमोनिया खाली साचतोय, हवा वरच्या वर जाते आहे. खोली बारा बाय बारा फुटांची असावी, घोडी विण्याची खोली चौदाहून कमी नको. दाराच्या वरच्या कडेवर बोट फिरवा. दातांनी कुरतडून गोल झालेली कड म्हणजे घोडे दिवसभर आत कोंडलेले असतात आणि कंटाळून लाकूड खातात. फरशीला नाल्याकडे उतार हवा. तबेल्याला दोन्ही टोकांना दारं हवीत, आग लागली तर एका दारातून वीस घोडे बाहेर निघत नाहीत. आणि एक गोष्ट कुणी बघत नाही, ती म्हणजे ट्रक वळायची जागा. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, घोडी स्टॅलियनपाशी, म्हणजे पैदाशीच्या नराकडे, न्यावीच लागते, त्यामुळे घोड्यांच्या गाड्यांची ये-जा सुरूच. बाहेरून आलेले घोडे निदान दोन-तीन आठवडे वेगळे ठेवायला स्वतंत्र तबेला नसेल तर एका घोडीचा खोकला सगळ्या फार्मचा होतो.

आता त्या भिंतीवरच्या फोटोंकडे या. फोटोतला घोडा इथे जन्मला, इथे नुसता निवृत्त झाला, की मालकाने बाहेरून विकत घेऊन पळवला? शिंगरू जन्मलं तेव्हा घोडी ज्याची होती तो त्याचा ब्रीडर. प्रत्येक थरोब्रेड शिंगराची, त्याच्या आईबापांची, डीएनए तपासून केलेली नोंद स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाकडे असते. फोटोंखालची नावं लिहून घ्या आणि पडताळा. आम्ही नऊ नावं लिहिली, त्यातली इथे जन्मलेली तीन निघाली. आणि त्या तिघांच्या आयांच्या वंशातली एकही घोडी आज फार्मवर नव्हती, आधीच विकून झाली होती. स्टडचा इतिहास घोड्यांच्या रक्तात असतो, तो लिलावात केव्हाच निघून जातो आणि फाटकावर पाटी उरते. केंटकीच्या कॅल्युमेट फार्मचं तेच झालं. १९४१ चा व्हर्लअवे आणि १९४८ चा सायटेशन हे तिथले दोन घोडे ट्रिपल क्राउन विजेते, म्हणजे अमेरिकेतल्या तीन मोठ्या शर्यती एकाच वर्षी जिंकलेले. तेच फार्म १९९१ मध्ये दिवाळखोरीत निघालं आणि १९९२ मध्ये १ कोटी ७० लाख डॉलरला लिलावात गेलं. घेणाऱ्याने पांढरी कुंपणं होती तशी ठेवली, ते त्याचं मोठेपण. पण त्याने घेतली ती जमीन, सायटेशन नव्हे.

कागद वकील बघेल, पण काही प्रश्न तुम्हीच घेऊन जा. गोव्यात आपल्याला एक-चौदाचा उतारा वाचायची सवय. घाटावर सातबारा. गोव्यात आपण कूळ आणि मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) शोधतो, नवरा-बायको दोघांच्या सह्या घेतो, भातशेती असेल तर २०२३ च्या कायद्यामुळे बिगरशेतकऱ्याला ती घेता येत नाही हे आता सगळ्यांना कळलंय. महाराष्ट्रात कुठलीही शेतजमीन घ्यायला आधी स्वतः शेतकरी असावं लागतं. डॉक्टरांचा गोव्यातला उतारा तिथे चालेल का, हे इसार देण्याआधी विचारायचं, नंतर नव्हे. आणि खरं घोडं पेंड खातं ते कमाल जमीनधारणेच्या कायद्यापाशी. जिरायत जमिनीची मर्यादा कुटुंबाला ५४ एकर, बारमाही बागायतीची १८. मग ही ६२ एकर कुणाच्या नावावर? मी हा प्रश्न चहाच्या टेबलावर विचारला, तेव्हा चहा मी अखेर घेतला होता. उत्तर आलं, चार भावांच्या. एक भाऊ परदेशात. म्हणजे चार सह्या, एक कुलमुखत्यारपत्र, आणि चार बायकांचं मत.

पैशाचं थोडक्यात. घोडीचे अकरा महिने, मग शिंगरू विकण्याजोगं व्हायला आणखी दीड-दोन वर्षं. म्हणजे पहिला रुपया यायला तीन वर्षं, तेही सगळं सुरळीत झालं तर. आणि घोडे घेणारा मालक रेसच्या पैशावर जगतो. बेटिंगच्या पूर्ण रकमेवर आधीच २८ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्क्यांवर गेला. इतकी फार्म विकायला का निघताहेत ते यावरून समजा. घासाघीस करताना हे बोलून दाखवायची गरज नाही, विकणाऱ्याला ते तुमच्याआधी माहीत असतं. नुसतं गप्प बसलं तरी चालतं.

मालक दोन दिवस फोनवर फोन करत होता, दुसरं गिऱ्हाईक आहे, आठवड्यात कळवा. मी डॉक्टरांना म्हटलं, दुसरं गिऱ्हाईक घेत असेल तर घेऊ दे. तुम्ही जुलैत एकटे जा, न कळवता जा, आणि तळ्याच्या पॅडॉकमधून आडवे चालत जा. ते नाराज झाले, पण थांबले. दुसरं गिऱ्हाईक काही आलं नाही.

परवा सकाळी मी पोफळीला बोर्डोचं औषध मारायची तयारी करत होतो तर त्यांचा फोन. मागे पावसाचा आवाज.

"दादा, तळ्यापाशी आहे. बूट आत राहिला."

"पाय निघाला ना?"

"पाय निघाला."

"मग त्या भोकाचा फोटो काढून ठेवा," मी म्हटलं, "आणि वर टेकाडावर जाऊन किती एकर कोरडं आहे ते मोजा. किंमत त्याचीच बोलू."